प्यादं कुठे गेलं?

‘माझं प्यादं होतं त्या घरात कुणी आलंच नाही, तरी ते पटावरून नाहीसं कसं झालं? ॲपमध्ये बिघाड आहे का?’ ऑनलाइन बुद्धिबळात नव्याने आलेला माणूस हा प्रश्न कधी ना कधी विचारतोच. त्यावर जुन्या खेळाडूंचं ठरलेलं उत्तर आहे, ‘आँ पासाँ गुगल कर’. जगभरच्या बुद्धिबळवाल्यांमध्ये या उत्तराचा आता कायमचा विनोद झाला आहे. प्रश्न आला की दहा जण तेच लिहितात, आणि विचारणारा गप्प होतो.

मला हा विनोद मुळीच आवडत नाही. ‘आँ पासाँ’ हे त्या चालीचं नाव आहे एवढंही ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या दोन शब्दांतून काय कळणार? खरं उत्तर द्यायला अर्धा मिनिट पुरतो: ‘तुमचं प्यादं मूळ घरातून एकदम दोन घरं पुढे आलं आणि माझ्या प्याद्याला लागून थांबलं. ते एकच घर आलं असतं, तर मी ते तिरकं मारू शकलो असतो. म्हणून नियम मला ते तसंच मारू देतो, पण फक्त लगेचच्या चालीत.’ एवढं सांगितलं की तो माणूस पुढच्या डावात स्वतः ही चाल करायची संधी शोधू लागतो.

असे प्रश्न विचारणाऱ्यांत आजोबांकडून किंवा मामाकडून देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेले लोकही असतात. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर चालायचं, त्यामुळे आँ पासाँचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचं काय होणार, याचेही नियम वेगळे होते. अशा माणसाला अडाणी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने वर्षानुवर्षं डाव मांडलेले असतात, फक्त वेगळ्या नियमांनी.

याचं सर्वांत मोठं उदाहरण मीर सुलतान खान यांचं. पंजाबातला हा माणूस लहानपणी वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकला. १९२९च्या वसंतात नवाब सर उमर हयात खान त्यांना लंडनला घेऊन गेले. तिथे त्यांच्या सरावासाठी मुद्दाम एक स्पर्धा भरवली गेली आणि त्यात ते तळाला राहिले. पाश्चात्त्य खेळातल्या सुरुवातीच्या चालींचा अभ्यास त्यांच्यापाशी जवळजवळ नव्हताच. त्यानंतर विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे दोन मुरलेले इंग्रज खेळाडू त्यांच्याबरोबर सरावाला बसले. त्याच उन्हाळ्यात सुलतान खान ब्रिटिश विजेते झाले, पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही. जागतिक बुद्धिबळ महासंघाने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. त्यांची प्रतिभा त्यांची स्वतःची होती, यात वाद नाही. पण त्या तळाच्या क्रमांकावरून त्यांची किंमत न ठरवता विंटर आणि येट्स यांनी पट मांडला, याचं मोल मला फार वाटतं.

ऑनलाइन बुद्धिबळातली आजची गर्दी सुलतान खान यांच्या काळात कुणाच्या कल्पनेतही बसली नसती. २०२०च्या टाळेबंदीत विनोदवीर समय रैना आणि नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्या थेट प्रक्षेपणांनी कितीतरी तरुणांना या खेळाकडे ओढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही बुद्धिबळावरची मालिका आली. डिसेंबर २०२२ मध्ये एकट्या चेस डॉट कॉमने दहा कोटी सदस्यांचा टप्पा गाठला. मग डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला. अशा बातमीनंतर ॲप उघडणाऱ्यांत फक्त शाळकरी मुलं नसतात, त्यांचे आईवडीलही असतात.

त्यांचं तिथे स्वागत कसं होतं? लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर नव्या खात्याला १५०० रेटिंग आणि पुढे एक प्रश्नचिन्ह मिळतं. यंत्रणेला अजून अंदाज नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण परिणाम असा की अगदी नवखा माणूस पहिल्याच डावात चांगल्या तयारीच्या खेळाडूसमोर बसतो. वजीर आणि उंट एफ-७च्या प्याद्यावर रोखले जातात, ते प्यादं फक्त राजाच्याच राखणीत असतं, आणि चौथ्या चालीला मात. पुढच्या डावातही हार. दरवेळी आकडा धाडकन खाली येतो आणि नवख्याला वाटतं, हे आपलं काम नाही. खरं तर थोड्याच डावांत त्याला तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळू लागणार असतात. ही गोष्ट त्याला आधीच कुणी सांगितली, तर पाच हारींनंतर तो ॲप काढून टाकणार नाही. आणि तीन मिनिटांचे डाव सोडून दहा किंवा पंधरा मिनिटांचे खेळा, हेही सांगायला हवं. घड्याळाच्या धाकात काही शिकणं कठीण असतं.

सगळं गोड बोलूनच सांगावं, असं माझं म्हणणं नाही. डाव चालू असताना संगणकाला चाल विचारणं ही फसवणूक आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. डाव संपल्यावर त्याच संगणकाकडून आपल्या चुका तपासणं योग्य, हेही त्याच दमात सांगावं. अनेक नवख्यांना ही सीमारेषा कुणी दाखवलेलीच नसते. हार दिसताच ॲप बंद करून समोरच्याला घड्याळाकडे बघत बसवू नये, हेही तसंच. रागाने नव्हे, पण ठामपणे सांगायच्या या गोष्टी आहेत.

ऑनलाइन स्पर्धा भरवणाऱ्या आपल्याकडच्या क्लबांना माझी एक विनंती आहे. नवख्यांचा गट वेगळा ठेवा आणि स्पर्धेच्या चॅट गटात मराठीत उत्तरं देणारा एक जाणता माणूस नेमा. किल्लेकोट का होत नाही, राजाला शह नसताना डाव बरोबरीत कसा सुटला, प्यादं कुठे गेलं, हे तिन्ही प्रश्न तिथे दर आठवड्याला येतील. ‘काकू, राजा एकदा हलला की किल्लेकोट करता येत नाही,’ असं दर आठवड्याला नव्याने लिहिणारा माणूस त्या क्लबला हवा.