सेवा आमची, सही तुमची

गगनबावड्यात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातला हा सगळ्यांत जास्त पावसाचा तालुका. कुंभी फुगली आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी चढले की कोल्हापूरची वाट बंद. दुसऱ्या बाजूला करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट. तिथे दरड आली की कोकणाची वाटही बंद. जुलै २०२१ मध्ये आम्ही हे सगळे अनुभवले. अशा दिवसांत बाहेरून कोणी येत नाही. आजाऱ्याला रस्त्यापर्यंत आणायचे, म्हातारीच्या घरात कोरडे सरपण आहे का बघायचे, ते वाडीतल्याच माणसांनी. माणसांनी म्हणजे बहुतेक वेळा बायकांनी.

मी या तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. निवृत्त होण्याआधीपासून एका सेवा क्लबच्या स्वयंसेविकांची प्रमुख म्हणून काम करते आहे. क्लबचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले तर माझे भांडण त्या एका क्लबशी आहे असे वाटेल, आणि वाचणाऱ्या मैत्रिणी ‘आमच्याकडे तसे नाही’ म्हणून पान उलटतील.

प्रमुख म्हणजे नेमके काय करायचे, हे मला कोणी सांगितले नव्हते. सत्कार झाला, हातात नारळ दिला, झाले. पहिले काम आले मोतीबिंदूच्या शिबिराचे. क्लबच्या सदस्यांनी डॉक्टर ठरवले, मंडप ठरवला, पाहुणे ठरवले. उरलेले आमच्याकडे. उरलेले म्हणजे काय, ते सांगते. वाडी-वाडीवर जाऊन कोणाला दिसत नाही याची यादी करायची. ‘डोळा काढून घेतात’ म्हणून घाबरलेल्या म्हातारीजवळ तासभर बसायचे. धनगरवाड्यावरून तिला खाली रस्त्यापर्यंत आणायचे, जीप ठरवायची, सोबतीला कोण जाईल ते बघायचे. ऑपरेशननंतर काही आठवडे दिवसातून अनेकदा डोळ्यांत थेंब घालायचे असतात. सून शेतावर गेल्यावर ते कोण घालील, याची व्यवस्था करायची. डॉक्टरचे काम थोड्या वेळात आटोपते. आमचे त्याच्या आधी महिनाभर सुरू होते आणि नंतर महिनाभर संपत नाही.

वर्षाच्या अहवालात या दोन महिन्यांवर एक ओळ आली: ‘महिला स्वयंसेविकांचे सहकार्य लाभले.’

जीपचे पैसे मी घरातून घातले होते. खजिनदारांकडे मागायला गेले तर ते म्हणाले, “बाई, बिल लागतं.” आता आमच्याकडचा वडापवाला बिल कुठले देणार? फ्लेक्सवाल्याने मात्र छापील बिल दिले होते, त्याचे पैसे त्याच दिवशी मिळाले. त्या फ्लेक्सवर सतरा फोटो होते. खजिनदार वाईट माणूस नाहीत, नियमाने वागणारे आहेत. पण नियम ज्यांनी केला त्यांना वडापने जावे लागत नव्हते.

मग मी जरा वाचू लागले, की या सेवा क्लबांत बायका आल्या कशा. रोटरीची सुरुवात १९०५ साली शिकागोत झाली, पुरुषांसाठी. त्यांच्या कामात बायका पहिल्यापासून होत्या, पण सदस्य म्हणून नव्हत्या. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांच्या पुढाकाराने रोटरी सदस्यांच्या बायका एकत्र आल्या, आणि १० जानेवारी १९२४ ला ‘इनर व्हील’ सुरू झाले. आतले चाक! नाव किती खरे आहे बघा. गाडी त्याच्यावर चालते आणि बाहेरून ते दिसत नाही. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सदस्य करून घेतले. समतेच्या उमाळ्याने नव्हे. सदस्य कमी पडत होते म्हणून. तरीही वरच्यांनी पुढच्या वर्षी त्या क्लबची सनदच काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक त्या क्लबच्या अध्यक्षा झाल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, हे वाचून मला फार बरे वाटले. रोटरीने १९८९ मध्ये जगभरासाठी नियम बदलला. लायन्सने १९८७ मध्येच बदलला होता. पण लायन्सच्या जागतिक अध्यक्षपदी पहिली स्त्री, आइसलंडच्या गुद्रुन इंग्वादोत्तिर, आल्या २०१८ मध्ये, आणि रोटरीच्या, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, २०२२ मध्ये. दार उघडल्यापासून खुर्चीपर्यंत पोचायला तीस-तीस वर्षे लागली.

पण मैत्रिणींनो, खुर्ची मिळाली की प्रश्न मिटतो असे मला वाटत नाही. खुर्चीवर मी होतेच की! छोटी का असेना. त्या खुर्चीवर बसून मी काय केले, ते सांगायला हा लेख लिहायला घेतला.

माझ्या स्वयंसेविकांत एक विधवा बाई होत्या. सगळ्या त्यांना आक्का म्हणतात, मीही तेच म्हणेन. शिबिराला सगळ्यांत जास्त म्हाताऱ्या त्यांनी आणल्या. समारोपाला पाहुणे येणार, त्यांचे औक्षण करायला पाच जणी हव्यात, असे मला सांगितले गेले. मी यादी केली, पहिले नाव आक्कांचे. मंडपात एका सदस्याच्या पत्नी हळूच म्हणाल्या, “बाई, औक्षणाला सवाष्णी घ्या ना.” मी काय करावे? मी वाद घातला नाही. आक्कांना म्हटले, “तुम्ही जरा चहाकडे बघता का?” त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि त्या चहाकडे गेल्या.

पुढच्या शिबिराला आक्का आल्या, नेहमीसारखे काम केले. दिवा लावायची वेळ झाली तेव्हा त्या कोणी न सांगता मंडपाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना त्या दिवशी कोणी बाहेर काढले नव्हते. ते मी आधीच शिकवून ठेवले होते.

मे २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले. मी मोठ्या उत्साहाने वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आक्कांकडे गेले. त्यांनी ते नातवाकडून वाचून घेतले. मग म्हणाल्या, “चांगलं झालं बाई. पर त्या दिशी मंडपात तुमी हुता की.”

यावर मला उत्तर नव्हते, आजही नाही.

ते बोलणे घरी घेऊन आले आणि विचार करत बसले. क्लबच्या पुरुषांसाठी सेवा ही रविवारची गोष्ट आहे. धंदा आहे, नोकरी आहे, त्यातून वेळ काढून ते चार लोकांसाठी काही करतात. त्याचे मोल मी कमी करत नाही. पण आपल्याला सेवा लहानपणापासून पाजलेली असते. सासऱ्याची सेवा, आजाऱ्याची सेवा, देवाची सेवा. देशभरात वेळेच्या वापराची जी सरकारी पाहणी २०२४ मध्ये झाली, तिच्यात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे निघाले. पुरुषांची ८८. या २८९ मिनिटांवर आणखी सेवा चढवायची आणि तिला ‘स्वयं’ हा शब्द जोडायचा! शिबिराला येशील का विचारले की अर्ध्या जणी म्हणतात, “मालकास्नी इचारून सांगते.” मग यातले ‘स्वयं’ कुठे राहिले?

सरकारही याच शब्दाचा फायदा घेते. आशा योजना २००५ ला आली, तेव्हापासून आशाताई ‘स्वयंसेविका’च आहेत. काम ठरलेले, नोंदवह्या ठरलेल्या, वरून विचारणा ठरलेली. पगार मात्र नाही, मोबदला. जून २०२१ मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. अंगणवाडीच्या सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. अंगणवाड्या सुरू झाल्या होत्या १९७५ मध्ये.

आणि आपल्या संघटना? शिबिराच्या आदल्या रात्री भाजी चिरायला कोण बसते आणि ठराव कोण लिहिते, ते एकदा आठवून बघा. खेड्यातली कार्यकर्ती सभा भरवते, शहरातली भाषण करते, असे आपल्याकडे झालेलेच नाही असे कोणी म्हणेल का?

मी क्लबला सांगितले, स्वयंसेविकांच्या खर्चासाठी वेगळी उचल आधी द्या आणि तिच्यावर आमच्यातल्या दोघींच्या सह्या असू द्या. वर्षभर वाद चालला. ‘अविश्वास आहे का?’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले! शेवटी छोटी रक्कम मिळाली. एक सही आक्कांची आहे. वडापचा खर्च आता वहीत लिहून त्याखाली प्रवास करणारीची सही किंवा अंगठा घेतो, तेच बिल. रोपलावणीच्या दिवसांत शिबिर ठेवायचे नाही, हे आम्ही ठरवून घेतले. चिखलात दिवसभर वाकलेल्या बाईला संध्याकाळी सेवेला बोलवायचे म्हणजे काय? पुराचे सामान मात्र लावणीच्या आधीच वाड्यांवर नेऊन ठेवायचे आणि त्याची यादी वाडीतल्या बायका करणार. पहिल्याच यादीत मेणबत्त्या, काडेपेट्या आणि पाळीचे कापड होते. आधी क्लबकडून बिस्किटांचे पुडे येत असत.

औक्षण बंद केले. विधवेला ताट द्यायचे की नाही, हा वाद काहींना घालायचा होता. मी म्हटले, राबणाऱ्या बायकांनी पाहुण्या पुरुषांना ओवाळायचेच कशाला? यावर अजून कुरकुर आहे. दोन सदस्यांच्या पत्नी माझ्याशी बोलत नाहीत.

मला स्वतःला बदलायला जास्त जड गेले. मास्तरीणबाईची सवय, गैरहजर राहिलेल्या स्वयंसेविकेला मी कारण विचारायची, जणू शाळेतली पोर. पगार नसलेल्या बाईला मी कोणत्या अधिकाराने दरडावत होते? परवाच्या बैठकीत एक जण म्हणाली, “औंदा मी न्हाई येणार.” जीभ वळवळली, पण कारण विचारले नाही. वहीत तिच्या नावापुढे रेघ मारली आणि पुढचे नाव वाचले. आक्का माझ्याकडे बघत होत्या. मग चहाची वेळ झाली, कोणी उठेना. शेवटी खजिनदार उठले. आत गेले आणि लगेच बाहेर येऊन विचारू लागले, साखर कुठे ठेवलेली असते?