रक्ताचा दोष किती?

‘बापाचे व्यसन मुलाच्या रक्तातच उतरले’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारले जाते. विशेषतः सोयरीक मोडताना. ते अर्धेच खरे आहे. डेन्मार्कमधील मद्यासक्तांचे जे पुत्र बाळपणीच दत्तक गेले, त्यांचा अभ्यास डोनाल्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. परक्या घरी वाढूनही त्यांच्यातील मद्यासक्तीचे प्रमाण इतर दत्तक पुत्रांच्या जवळजवळ चौपट होते. जुळ्यांच्या अभ्यासांवरूनही या प्रवणतेचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक ठरतो. परंतु हा वारसा कोणा एका जनुकाचा नव्हे, अनेक जनुकांच्या अल्पस्वल्प परिणामांचा आहे. आणि जनुक काही प्याला ओठांशी नेत नाही. व्हिएतनाममध्ये हेरॉईनच्या आहारी गेलेले बहुसंख्य अमेरिकन सैनिक मायदेशी परतल्यावर त्यातून सुटले, हे ली रॉबिन्स यांनी दाखवून दिले त्यालाही आता पन्नास वर्षे लोटली.

आम्ही शिक्षक असताना अशा घरचा मुलगा ‘वळणावर जाणारच’ म्हणून मागल्या बाकावर बसविला जाई. त्या पापात आम्हीही वाटेकरी होतो. मधुमेही पित्याच्या मुलास आपण साखर जपून खाण्यास सांगतो. व्यसनी पित्याची हकीकत मात्र मुलापासूनच नव्हे, डॉक्टरांपासूनही दडवितो, आणि पुढे मुलगा घसरला की रक्ताकडे बोट दाखवितो.