ट्रॅक किती, हे विचारूच नका!

मंडळी, डेमोसाठी रेकॉर्डर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ट्रॅक किती?" माझं म्हणणं, वडशात तरी हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं ते हे: एका वेळी किती आवाज वेगवेगळे घेतो?

टास्कॅमच्या डीपी-००८ वर ट्रॅक आठ, पण एका वेळी रेकॉर्ड होतात दोनच. घरी एकट्याने एकावर एक आवाज चढवणाऱ्याला ते पुरे. झाडीपट्टीच्या नाटकात मात्र ऑर्गन, तबला आणि गाणारा एकमेकांचा अंदाज घेत रंगतात. त्यांना आळीपाळीने बसवलंत की संपलंच सगळं! २००९ साली आलेला झूमचा आर-१६ आठ आवाज एकदम, वेगवेगळे घेतो. सहा पेन्सिल सेलवरही चालतो, म्हणजे तालमीत लाइट गेली तरी काम थांबत नाही. २४ बिटला आठ ट्रॅकचे तासाला सुमारे ३.८ जीबी, ३२ जीबीच्या कार्डात रात्रभराचं नाटक मावतं.

"मोबाईल आहे की!" म्हणणाऱ्यांनी त्यातल्या तबल्याखाली दबलेला गायकाचा आवाज नंतर वर काढून दाखवावा. दिवाळी ते होळी इतकं गाणं होतं आपल्याकडे. ते जपायचं, की नुसतं फॉरवर्ड करायचं? बोला!