लेझर आहे का? कल्चर केलंय का?

मुतखड्याचं ऑपरेशन ठरलं की आपल्या कोल्हापुरात प्रश्न ठरलेले. लेझर आहे का? पॅकेज कितीचं? सोमवारी ऑफिसला जाता येईल ना? युरिन कल्चरचं कुणी विचारत नाही. त्याच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात आणि रजा तर शुक्रवारची टाकलेली. मग 'साधी युरिन नॉर्मल आहे, उरकून टाका' असा आग्रह पेशंटच धरतो. टेस्टिंग न करता रिलीज, दुसरं काय!

भानगड अशी आहे. दुर्बिणीतून खडा फोडताना नीट दिसावं म्हणून आत सतत पाणी सोडतात. आतला दाब वाढला की जंतू त्या पाण्याबरोबर थेट रक्तात शिरू शकतात. कल्चर पॉझिटिव्ह, डायबेटिस, मोठा खडा, लांबलेलं ऑपरेशन, बरेच दिवस आत राहिलेला स्टेंट, यातलं काहीही असलं की धोका वाढतो. बायकांमध्येही तो जास्त. काही खडे तर जंतूंमुळेच तयार होतात (प्रोटियस वगैरे मंडळी!). लघवी स्वच्छ आली तरी खड्याच्या पोटात जंतू असू शकतात, म्हणून काही डॉक्टर फोडलेल्या खड्याचंही कल्चर करतात.

माझं मत विचाराल तर, जंतू निघाले म्हणून तारीख पुढे ढकलणाऱ्या डॉक्टरवर चिडू नये. आधी अँटिबायोटिक, मग ऑपरेशन. रजा काय, परत टाकता येते.

आणि घरी आल्यावर थंडी वाजून ताप भरला, तर कुळथाचं कढण पीत सकाळची वाट बघू नका राव. रात्री दोन वाजले असले तरी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावा, नाही लागला तर रिक्षा करून सरळ सीपीआर गाठा.