शंका आली तर उलगडा!

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी आजवर विमानातून उडी मारलेली नाही. होस्टेलच्या टाकीवरून खाली बघितलं तरी माझे पाय लटपटतात! तरीही पॅराशूटवर लिहायला बसलोय, कारण पॅराशूटचं निम्मं काम आकाशात नाही, जमिनीवर गुडघे टेकून होतं. आणि ते मी आमच्या सोनारीच्या घरात, ढाळजेत बसून पाहिलंय.

सोनारी म्हणजे परंडा तालुक्यातलं काळभैरवनाथाचं गाव. चैत्रातल्या यात्रेला माझा मामेभाऊ पुण्याहून आला. दादा नोकरी सांभाळून स्कायडायव्हिंग करतो. यंदा त्यानं नवं कोरं पॅराशूट घेतलं होतं आणि ते पाठीवर टाकण्याआधी आठ-दहा वेळा घडी घालून बघायचा त्याचा बेत होता. गावातली माकडं तुम्हाला माहीत नसतील. हातातली पिशवी कधी जाते कळत नाही. म्हणून दार लावलं, सतरंज्या अंथरल्या आणि कार्यक्रम सुरू झाला.

पण ते कापड! आईनं हात लावला आणि म्हणाली, "अरे, हे तर जॉर्जेटच्या साडीपेक्षा सुळसुळीत आहे की!" एक घडी दाबावी तर दुसरी सुटलेली. दोन्ही दाबाव्यात तर मधूनच हवेचा फुगा वर आलेला. वडिलांनी लांबूनच निकाल दिला, "नव्या नायलॉनच्या कासऱ्यागत आहे हे. अंबाडीच्या दाव्याला गाठ बसते, याला बसत नाही."

वडिलांचं निदान अचूक होतं. जुन्या पद्धतीच्या पॅराशूटचं नायलॉन थोडी हवा आरपार जाऊ देतं, त्यामुळे दाबलं की ते बसतं. पण वापरून वापरून ते जास्तच झिरपायला लागतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झिरो पोरॉसिटी कापड वापरात आलं. नायलॉनवर सिलिकॉनचा लेप, हवा आरपार जाणं जवळजवळ बंद. पॅराशूट टिकतं जास्त, तरंगतं छान. पण जो गुण आकाशात कामाचा, तोच जमिनीवर छळतो. आत अडकलेली हवा कापडातून निघत नाही, ती उघड्या तोंडांकडूनच काढावी लागते. तीही धसमुसळेपणानं नाही. अंगाचा भार सावकाश टाकायचा, थांबायचं, हवा जाऊ द्यायची, पुन्हा टाकायचा. पहिली घडी गुडघ्याखाली धरूनच दुसरी घालायची आणि पिशवीच्या रुंदीएवढी गुंडाळी झाल्यावरच ती आत सरकवायची. दादाला पहिल्या खेपेला तास लागला. दुसऱ्या दिवशी दहाव्या खेपेला पंचवीस मिनिटं.

या सगळ्यात जीव आहे तो स्लायडरमध्ये. स्लायडर म्हणजे कापडाचा एक आयत, चार कोपऱ्यांना चार धातूची कडी आणि त्या कड्यांमधून जाणाऱ्या दोऱ्या. पोटावर पडलेला माणूस ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगानं खाली येत असतो. त्या वेगाला पॅराशूट एकदम उघडलं तर? मान, पाठ, दोऱ्या, काहीही जाऊ शकतं. असल्या झटक्यानं माणसं दगावलीही आहेत. स्लायडर वरच्या टोकाला असला की हवा त्याला तिथंच रेटून धरते, तो हळूहळू खाली सरकतो आणि पॅराशूट तीन-चार सेकंदांत दमादमानं फुलतं. म्हणून घडी घालताना चारही कडी वर शिवलेल्या अडसरांना टेकलेली हवीत. सुळसुळीत कापडाशी झटापट करताना नेमकी हीच कडी खाली घसरतात! दोऱ्या रबरात अडकवतानाही तसंच. रबर सैल असेल तर दोऱ्या एकदम सुटतात आणि झटका बसतो. फार घट्ट असेल तर पिशवी उघडतच नाही.

आता मूळ मुद्दा. मे महिन्यात दादासोबत मीही ड्रॉप झोनवर गेलो. सकाळच्या दोन उड्या झकास झाल्या. तिसऱ्या वेळी निरोप आला, विमानात एक जागा आहे, वीस मिनिटांत तयार हो. ऊन रणरणतं, हात घामानं ओले, कापड ऐकेना. दादानं गुंडाळी पिशवीत अक्षरशः कोंबली. आणि त्या क्षणी गुंडाळीच्या तोंडातून एक कडं वीतभर बाहेर आलेलं मला दिसलं.

मला दिसलं. मी बोललो नाही.

का? कारण तो दादा. शेकडो उड्या मारलेला. मी कोण त्याला सांगणारा? शिवाय घाई होती. असेल बरोबर, असं म्हणून गप्प बसलो.

खालून बघताना एवढंच कळलं, की पॅराशूट फुललं नाही, फाडकन आदळलं. दादा उतरला तो मान धरूनच. नाकातून रक्त आलेलं. तीन आठवडे गळ्यात पट्टा होता. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. रात्री मी त्याला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "अरे, मग सांगायचंस की. शंका आली तर उलगडायचं असतं. विमान परत येतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण टाळ्या वाजवतो त्या उडीला, आणि वाजवायलाच हव्यात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये नऊवारी नेसून त्यांनी थायलंडमध्ये उडी मारली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलवर उतरलेली २ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. हे सगळं अभिमानानं सांगावं असंच आहे. पण त्या प्रत्येक उडीच्या आधी कुणीतरी खाली वाकून, वैतागून, निमूटपणे घड्या घातलेल्या होत्या. उडी मारणाऱ्यांचा इतिहास होतो, घडी घालणाऱ्यांचा होत नाही.

आपण इंजिनिअर होणारी मंडळी बहुतेक घडी घालणारीच असणार आहोत. पुलाचा नट, लिफ्टचा ब्रेक, दवाखान्यातल्या यंत्राचा प्रोग्रॅम. वर कोण लटकलंय हे आपल्याला दिसणारही नाही. आणि आपली तयारी काय? आदल्या रात्री दोनपर्यंत जागून उतरवलेलं जर्नल. ग्राफवर हवं ते उत्तर आलं नाही की एक बिंदू जरासा सरकवायचा. पार्टनरचं रीडिंग चुकलेलं दिसतं, पण 'जाऊ दे ना राव, सबमिशन होतंय' म्हणून आपण गप्प. राहिलाच विषय तर के.टी. आहेच!

काही जण म्हणतील, पॅराशूटलाही के.टी. असते की, रिझर्व्ह! असतं. पण ते मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर. दादाचं तर उघडलं होतं. चुकीच्या वेगानं उघडलं होतं. त्याला रिझर्व्हचा काय उपयोग?

सरांनाही एक विनंती. प्रयोग चुकला म्हणून पुन्हा करायला आलेल्या मुलाचे मार्क कापू नका. उलगडायला आलेल्याला शिक्षा झाली की बाकीचे कोंबायला शिकतात.

आणि मित्रांनो, घडी दुसऱ्याची असली, तो सीनियर असला, घाई असली, तरी कडं घसरलेलं दिसलं तर तोंड उघडा. फार तर तो चिडेल, एक विमान चुकेल. दादाची मान आता बरी आहे. त्यानं पुन्हा उड्या सुरू केल्यात. परवा फोनवर म्हणाला, "दिवाळीला पॅराशूट घेऊन येतोय सोनारीला. ढाळज झाडून ठेव. आणि या वेळी बघत बसू नकोस, बोल!"