आधी निवडा, मग शिजवा

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला. आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते! एआयने दिलेलं आधी पडताळा, असं न्यायालयाने बजावलं. निकाल शोधायला गेल्यावरच खोटं उघडं पडलं.

मग मोबाइलवर येणाऱ्या फवारणीच्या सल्ल्यांचं काय? २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. ते दुःख आपण विसरलेलो नाही. यंत्राची भाषा शुद्ध, गोड असते. नुसतं वाचून खरं-खोटं कळत नाही. ते ओळखणारी सॉफ्टवेअरही चुकतात. तेव्हा मैत्रिणींनो, औषधाचं प्रमाण बाटलीवरच्या लेबलशी ताडून पाहा, कृषी अधिकाऱ्यांना विचारा. तांदूळ निवडल्याशिवाय आपण शिजायला टाकतो का? मग सल्लाही निवडूनच घ्या.