वय पाहावे की प्रकृती?

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. तिच्यानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. वाहन केंद्राचे असो, राज्याचे असो वा नगरपालिकेचे, पंधरा वर्षे भरली की त्याची रवानगी भंगार केंद्रात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातील विशेष वाहने तेवढी यातून वगळण्यात आली. खाजगी मालकाला थोडी सवड आहे. तपासणीत गाडी उतरली, तर नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते. मात्र या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळाच. धोरणाचा रोख यावरून स्पष्ट होतो. जुने वाहन हे वापरात असलेले साधन न मानता दूर करावयाची अडचण मानले जात आहे.

या धोरणामागील हेतू वाईट आहे, असे कोणी म्हणणार नाही. शहरांची हवा बिघडली आहे आणि निकामी गाड्या रस्त्यावर अपघात घडवितात, हे खरेच आहे. प्रश्न आहे तो निकषाचा. वय हा निकष कारकुनी सोयीचा आहे. दप्तरात तारीख पाहिली की निकाल लागतो. परंतु यंत्राची प्रकृती तारखेवर ठरत नाही. ती निगेवर ठरते. हे समजण्यासाठी जुन्या जीपइतके चांगले उदाहरण नाही.

जीप ही युद्धाची संतती. १९४१ पासून अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. रणांगणावर कारखाना नसतो. म्हणून साध्या शिपायाने मोजक्या हत्यारांनी दुरुस्त करावी, अशाच बेताने तिची रचना झाली. चार सिलिंडरांचे, सव्वादोन लिटरच्या आसपासचे, साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, शिडीसारखा पोलादी सांगाडा, पुढे-मागे कमानपाटे, आणि सारे नटबोल्ट हाताला लागतील असे. जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र यांनी मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारीत १९४५ मध्ये कंपनी काढली. हेच गुलाम महंमद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र आणि महिंद्र’ झाले. त्याच सुमारास मुंबईत परदेशी सुट्या भागांपासून जीप जुळविण्याचे काम सुरू झाले आणि पुढे कांदिवलीच्या कारखान्यातून अस्सल देशी जीप बाहेर पडू लागली.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि जीप महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. गटविकास अधिकाऱ्याची जीप, हिवताप निर्मूलनाची जीप, कुटुंबनियोजनाची जीप, निवडणुकीत कर्णा लावून फिरणारी जीप. एका पिढीने शासन पाहिले ते याच गाडीतून उतरताना. ती तालुक्याच्या गावी बंद पडे आणि तालुक्याच्या गावीच दुरुस्त होई. त्यासाठी कोणाला मुंबईला तार करावी लागत नसे. गावोगावच्या मिस्त्रींची एक संपूर्ण पिढी या गाडीच्या पोटाखाली आडवी पडून शिकली. या विद्येला पदवी नव्हती. तिच्यावाचून विकासाचा गाडा मात्र हलला नसता.

कांदिवलीपासून चौथे स्टेशन भाईंदर. तेथून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धे, राई, मोरवा ही गावे लागतात. एका अंगाला खाडी व मिठागरे, पुढे समुद्र. अशा गावात जुनी जीप बाळगणाऱ्याला गाडीचा खरा वैरी कोण, हे सांगावे लागत नाही. खाऱ्या दमट हवेत लोखंडावर मिठाचा ओलसर थर बसतो आणि गंज दुप्पट जोमाने पसरतो. सांगाड्याच्या खाचांत, पायाखालच्या पत्र्याच्या सांध्यांत, कमानपाट्यांच्या घड्यांत चिखल साचून राहिला की तेथे ओल टिकते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वरून रंग शाबूत, आत पोकळ. घाटमाथ्यावरील कोरड्या हवेतली तीस वर्षांची गाडी धडधाकट असू शकते आणि समुद्रकाठची, बेफिकीर मालकाची दहा वर्षांची गाडी धोकादायक. दप्तरातील तारखेला यातले काहीच दिसत नाही.

उपाय अवघड नाहीत. ते नियमाने करावे लागतात, एवढेच. वाळूतून वा खाडीकाठच्या चिखलातून आल्यावर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे. पाणी निचरण्याची छिद्रे काडी घालून मोकळी करावीत. गंज दिसताच तो तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यावा. पावसाळ्याच्या आधी व नंतर सर्व निपलांमध्ये जुने, मातकट ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे. गिअरपेटी, ट्रान्स्फरपेटी व दोन्ही डिफरन्शियल यांतील तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. जुन्या पेट्रोल इंजिनात पॉइंटमधील फट अर्धा मिलिमीटर हवी. ती मोजण्याची पट्टी अल्प किमतीत मिळते आणि तिचा वापर दहावीच्या विद्यार्थ्याला एका दुपारी शिकविता येतो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर हा हौशीपणाचा उपदेश ठरेल. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. चाकांना ओट लावून सांगाडा भक्कम घोड्यांवर टेकवावा. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. त्यामुळे ते कमी तापमानाला उकळू लागते आणि चाकांतील सिलिंडर आतून गंजतात. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलणे इष्ट. परंतु ब्रेक व स्टिअरिंग यांचे काम स्वतः केले, तरी जाणत्या मिस्त्रीने तपासल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये. स्वतः दुरुस्ती करणे याचा अर्थ मिस्त्रीला डावलणे असा नाही. उलट, ज्याने एकदा बेअरिंग बसवून पाहिले आहे, त्यालाच मिस्त्रीच्या हाताची किंमत कळते.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. जुने इंजिन कितीही निगुतीने राखले, तरी एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकांच्या जवळपासही ते येणार नाही. हे मान्यच करावयास हवे. भर शहरात रोजच्या ये-जा करण्यासाठी अशा गाड्यांची फौज असावी, असे आमचे म्हणणे नाही. मात्र महिन्यातून चार वेळा फिरणारी जीप आणि रात्रंदिवस धावणारे वाहन यांना एकाच पंगतीत बसविणे न्यायाचे नाही. शिवाय नवी गाडी घडविण्यासाठीही पोलाद वितळवावे लागते, वीज जाळावी लागते. तो धूर मालकाच्या दारात दिसत नाही, इतकेच. पन्नास वर्षांवरील गाड्यांना २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. म्हणजे पन्नाशी गाठलेल्या गाडीला मान आहे. पण पंधरा ते पन्नास या प्रवासात तिला जगविणाऱ्याच्या वाट्याला वाढते शुल्क. ही विसंगती नव्हे काय?

नव्या गाड्यांकडे पाहिले, तर प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. आता बिघाड शोधण्यासाठी कान व हात पुरत नाहीत; कंपनीचे संगणकीय उपकरण लागते. ते व सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रीला मोकळेपणाने न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. जीप बनविणारी कंपनीही त्या चौदांत होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारदुरुस्तीचा हक्क कायद्यात आणला. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये समिती नेमली, संकेतस्थळही काढले. कायदा मात्र झालेला नाही. जी वस्तू आपण उघडू शकत नाही, ती पूर्णपणे आपली नसते. विकत घेऊनही आपण तिचे भाडेकरूच राहतो.

हा विषय गाडी नसलेल्या शिक्षकाचा वा विद्यार्थ्याचा नाही, असे मात्र समजू नये. हाताने काम करणारा अडाणी आणि कागदावर काम करणारा शहाणा, ही आपल्या शिक्षणाची जुनी खोड आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली ती याच खोडीवर उपाय म्हणून. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. शाळांत तिचे कागदी फुलांत रूपांतर झाले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करून दाखविले की, हाताने काम करता करता विज्ञान अधिक पक्के होते. तरफ, घर्षण, गंजण्याची रासायनिक क्रिया, चौघाती इंजिन, हे सारे धडे एका जुन्या जीपमध्ये एकत्र आहेत. सरकारी गाड्या पंधरा वर्षांनी मोडीत काढावयाच्याच असतील, तर त्यांतील काहींची नोंदणी रद्द करून त्या रस्त्याऐवजी शाळांच्या आवारात का पाठवू नयेत?

तेव्हा मागण्या तीनच. गाडीचे भवितव्य तिच्या वयावर न ठरविता धूर, ब्रेक आणि सांगाडा यांच्या कडक तपासणीवर ठरवावे. नापास झालेली गाडी खुशाल मोडावी. सुटे भाग, माहितीपुस्तके व तपासणीची उपकरणे मालकाला आणि छोट्या गॅरेजला रास्त दरात देण्याचे बंधन कायद्याने घालावे. आणि माध्यमिक शाळेत दुरुस्ती हा गुणांचा विषय करावा. जुन्या जीपा उद्या ना परवा जातीलच. लोखंड अमर नसते. परंतु त्यांच्याबरोबर दुरुस्त करणारे हातही भंगारात गेले, तर ते घडविण्याचा कारखाना कोणत्याही अधिसूचनेने उभा राहणार नाही.